साक्षीची माफी

आमच्या घरी रविवार शनिवारी दुपारीच येऊन बसायचा. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून अर्ध्या दिवसानं सुटून आले, की आधी हात धुवायचे, मग हार्मोनियमवरचं फडकं काढून घडी करून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेची गीतं एकेक करून वाजवून बघायचे. आत आई कोळशाच्या इस्त्रीत निखारे भरून त्यांचा पांढरा सदरा कडक करत असायची. माझा मोठा भाऊ दानीएल, म्हणजे आमचा दानू, ओट्यावर बसून घरातल्या सगळ्यांचे बूट पॉलिश करायचा. त्याचा ब्रश बाबांच्या सुरांबरोबर कधी म्हणजे कधी चालायचा नाही. बाबांचं गीत संथ, आणि ह्याचा ब्रश मध्येच दोनदा पटकन, मग थांबून एकदा. बाबा आतून म्हणायचे, "दानीएल, पॉलिश करायला सांगितलंय, बँड लावायला नाही." आई इस्त्री थांबवून हसायची, आणि मग आमच्याकडे बघून गप्प राहा म्हणून डोळे मोठे करायची.

रविवारी सकाळी ती मसाला वाटून मगच उपासनेला निघायची. खोबरं, खसखस, सुकी मिरची. उपासनेहून आल्यावर मटणाचा रस्सा, आणि त्यात कुस्करलेली भाकर. बाबांना रस्सा हवा असायचा पण साडीला लागलेला मसाल्याचा वास मंडळीत, म्हणजे चर्चात, न्यायचा नसायचा. दर रविवारी याच्यावरून थोडी कुरबूर व्हायची, आणि दर रविवारी आई मसाला वाटायचीच. बाबांचे असे बरेच कायदे होते. घरात 'मले-तुले' बोलायचं नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा. आपण मिशनच्या शाळेत शिकलेली माणसं, आपली भाषा बायबलातल्या शास्त्रपाठासारखी पाहिजे, असं ते म्हणायचे. चुलीपाशी मात्र त्यांचं राज्य संपायचं. तिथे आई तिला येतं तसं बोलायची, आणि मनमोकळं काही बोलायचं असलं की आम्ही दोघं बहीणभाऊ तिथेच जाऊन बसायचो.

तिथेच आम्हाला आबा कळले. आबा म्हणजे बाबांचे वडील. मी अगदी लहान असताना ते वारले, त्यामुळे मला आठवतो तो फक्त त्यांचा खोकला. बाबा मंडळीत सांगायचे, आमच्या वडिलांची सावनेरकडे शेती होती. आई चारचौघांत त्यावर काही बोलायची नाही, पण बाबा कामावर गेले की पोळ्या लाटता लाटता खरं काय ते सांगायची. शेती होती ती दुसऱ्याची, आबा तिथे मजूर. आणि लगीनसराई आली की गावच्या दारोदार डफडं वाजवायचं. वरात मांडवात जायची, आबा बाहेर उन्हात. पाणी ओंजळीनं प्यायचं, कोणीतरी वरून ओतायचं. पंगत उठली की उरलंसुरलं फडक्यात बांधून घरी आणायचं. पुढे त्यांच्या अख्ख्या गल्लीनं बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवशी सगळ्यांनी आपापली डफडी एका जागी रचून जाळली. आता कोणाच्याच दारात वाजवायचं नाही म्हणून. आईला हे सांगताना आबा म्हणाले होते, "जायलं थे बेसच केलं वं, पण चामडं तडकलं तवा पोटात तुटलं माह्या." आईला माहेरी बाप नव्हता. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा बाबांची नोकरी फिरतीची होती, आणि पहिली काही वर्षं तिनं या म्हाताऱ्याबरोबरच काढली. सासरा म्हणून ती त्यांचं नाव कधी घेत नसे. आबा म्हणताना तिचा आवाज लेकीचा व्हायचा.

आमच्या वस्तीच्या मागे नाला होता. अलीकडे आम्ही ख्रिस्ती, पलीकडे दीक्षा घेतलेली बौद्ध कुटुंबं. खरं म्हणजे दोन पिढ्या मागे गेलं तर अलीकडचे आणि पलीकडचे एकाच गल्लीतले निघाले असते, पण ते कोणी उकरायचं नाही असा आमच्याकडे रिवाज होता. पलीकडून संध्याकाळी जयंतीच्या मिरवणुकीची तालीम ऐकू यायची, त्यात डफडंही असायचं. तिथली पोरं ते छाती काढून वाजवायची. आमच्या बाजूला मात्र त्या आवाजाबरोबर बाबा उठून खिडकी लावायचे. उन्हाळ्यातसुद्धा लावायचे. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकी लावून बसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा मी तेव्हा विचार केला नाही. घाम तेवढा आठवतो. पलीकडचा आनंद नावाचा मुलगा दानूच्या वर्गातला. तो डफडं वाजवण्यात तरबेज होता आणि आमच्या चुलीपाशी जेवायला यायचा, बाबा घरी नसताना.

कुवेतला नर्स असलेली माझी मावशी सुट्टीवर आली ती एक टेपरेकॉर्डर घेऊन. त्याबरोबर काही कॅसेटी होत्या, आणि त्यातली एक तिच्या दवाखान्यातल्या एका अमेरिकन नर्सनं भरून दिलेली. ती लावली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं टेप बिघडला. गाणं नव्हतंच ते. एक माणूस बोलत होता, खाली धडधड ठोका, आणि तो एकेक शब्द त्या ठोक्यावर बरोबर टाकत पुढे चालला होता. आम्हाला त्यातलं इंग्रजी काही कळेना, फक्त जीजस कळायचं. मावशी म्हणाली, "तिकडच्या काळ्या लोकायचं आहे हे. चर्चमधी करून राहिले आता थे. त्यायचे मोठे लोक बी नाक मुरडून राहिले म्हणे." बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "याला उपासना म्हणतात का?" मग ते फिरायला निघून गेले. दानूनं ती कॅसेट उलटीपालटी करून फीत सैल होईपर्यंत ऐकली. एका दुपारी चुलीपाशी येऊन आईला म्हणाला, "आई, हे तर साक्षच आहे नं. फक्त ठेक्यावर आहे."

साक्ष म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मंडळीत उपदेशाआधी थोडा वेळ असायचा, साक्षीची वेळ. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. दुखणं बरं झालं, नोकरी लागली, दारू सुटली. आणि साक्ष देणाऱ्याला कोणीही मध्ये थांबवायचं नाही, उपदेश करणाऱ्या पाळकांनीसुद्धा नाही. एस्तेरआजी तर दर महिन्याला तिच्या हरवून सापडलेल्या शेळीचीच साक्ष द्यायची. पाळकसाहेब घड्याळाकडे बघायचे, पण शेळी सापडेपर्यंत बिचारे बसून राहायचे. या नियमाचा आम्हाला अभिमान होता. खुर्चीवरचा असो की सतरंजीवरचा, साक्षीला सगळे सारखे.

दानूनं पहिली ठेक्यातली साक्ष दिली ती त्याच्या टायफॉइडची. हातानं बाकावर ठोका धरला आणि बोलत गेला, आणि तेही चुलीपाशी बोलायचो तशा भाषेत. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, पण दुखण्याबद्दल देवाचे आभार मानतोय पोरगा, याला काय म्हणणार? तरुण मुलं मात्र पुढच्या रविवारी लवकर आली. महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या भोवती पाचसहा जण जमले. रेल्वेच्या मालधक्क्यामागे दुपारी सराव चालायचा, ठेक्याला आनंद. आनंद म्हणायचा, "तुमचा देव तुमच्यापाशी, ठेका माह्यावाला." मग कामठीच्या मंडळीनं बोलावलं, कन्हानच्यांनी बोलावलं. सावनेरकडच्या खाणीतल्या कामगारांची एक लहानशी प्रार्थनासभा भरायची, तिथे मी दानूबरोबर एकदा गेले होते. क्वार्टरांच्या मधल्या अंगणात चादरी टाकलेल्या. दानूचं झालं, आणि एक खाणकामगार उठला, नखांत कोळसा तसाच, आणि अडखळत आपली साक्ष ठेक्यावर बोलू लागला. खाली छत कोसळलं होतं, शेजारचा गेला, हा वाचला, आणि वाचल्याची लाज वाटते देवा, असं काहीतरी तो बोलत होता. ठेका चुकला की थांबायचा आणि आनंद त्याच्यासाठी थांबायचा. मग एक बाई उठली, मग आणखी एक. मी त्या अंगणात रडले, आणि मी सहजासहजी रडणारी बाई नाही.

परवाच हुडकेश्वरच्या एका नव्या मंडळीनं मला बोलावलं होतं. आता मी साठीला टेकले, शाळेतून निवृत्त झाले, त्यामुळे खुर्ची मिळते. स्टेजवर टोप्या उलट्या घातलेली मुलं, मोठाले स्पीकर, ख्रिस्ती रॅपची स्पर्धा, आणि पाळक स्वतः टाळ्या वाजवतायत. मुलांना वाटतं हे सगळं मोबाइलमधून आलं. त्यात एक सावनेरकडचा मुलगा होता, तो म्हणाला, आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून ठेक्यावर साक्ष देतात. मला इतकं भरून आलं, आणि लगेच इतका राग आला, की मी बक्षीस द्यायच्या आधीच उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं म्हातारीला चक्कर आली.

तेव्हा आमच्या वार्षिक सभेचा मांडव शाळेच्या मैदानात पडायचा. गावोगावच्या मंडळ्या, बाहेरचे पाहुणे, पुढच्या रांगेत पंच, आणि व्यासपीठाच्या बाजूला बाबा, हार्मोनियमवर. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे. बाबाही त्यांच्यातले एक. त्यांच्यात मुख्य सॅम्युएलकाका, उंच, स्वच्छ, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्या वर्षीच्या सभेत साक्षीच्या वेळी दानू उठला आणि त्याच्या मागे आनंद उठला, हातात डफडं. मी आईशेजारी बसले होते. तिनं माझा हात धरला. तेव्हाच ती बारीक झाली होती, पोटात दुखतं म्हणायची आणि ओवा खायची.

दानू म्हणाला, ही माझ्या आजोबांची साक्ष आहे, त्यांना कधी देता आली नाही. आणि आनंदनं पहिला ठोका टाकला. एवढ्या मोठ्या मांडवात तो ठोका कसा गेला ते मला सांगता येत नाही. सगळी साक्ष मला आज येत नाही, पण हे येतं:

माहा आबा डफडं वाजवे परक्याच्या लगनात,
सारं गाव मांडवात अन् आबा उभा उन्हात.
पंगत उठली, उष्टं आलं, आबा बसला जेवाले,
येशू म्हणे, सरक जरा, मले जागा दे बसाले.

आई रडत नव्हती. ती ओठ हलवत होती, त्याच्याबरोबर म्हणत असल्यासारखी, कारण त्यातला शब्द न् शब्द तिनंच त्याला दिलेला होता. मागच्या सतरंज्यांवर कोणीतरी आमेन म्हणालं. पुढच्या खुर्च्यांवर कोणी हललं नाही. बाबांनी हार्मोनियमचा भाता लावून टाकला होता आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. नियमाप्रमाणे दानूला कोणी थांबवलं नाही. तो संपवून बसला, आणि पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, आणि बाबांनी ते वाजवलं. घरी येताना ते आमच्या पुढे पुढे एकटे चालले. दारात आल्यावर दानूला म्हणाले, "लाज काहाडली तू माही. त्या मांडवात माह्या बापाले उष्टं खाऊ घातलं." घरात त्यांच्या तोंडून 'माही' आणि 'माह्या' मी पहिल्यांदा ऐकलं. दानू म्हणाला, "बाबा, खाल्लंच होतं नं त्याईनं." बाबांनी त्याच्या तोंडात मारली.

आज या वयात मला बाबा थोडे कळतात. त्या पुढच्या खुर्च्यांवरचे बहुतेक सगळे अशाच गल्ल्यांतून आलेले होते आणि प्रत्येकानं आपापली शेती उभी केली होती. कोणाच्या घरी लेकीचं लग्न ठरायचं होतं, कोणाला आपल्या बाजूला बसणारा सरकेल अशी भीती होती. ते ओझं मला समजतं. पण समजलं म्हणून मी माफ केलं असं कोणी समजू नये.

पंचांची बैठक झाली. त्याच आठवड्यात बाबांनी आणि मी आईला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की पोटातली गाठ फार पसरली आहे, उघडून उपयोग नाही, घरी न्या. ती खाटेवर पडली ती मग फारशी उठलीच नाही. पंचांचा निर्णय बाबांनी घरी आणला. आई औषधानं झोपली होती. बाबा ओट्यावर उभे राहून दानूला म्हणाले, तू मंडळीच्या शिस्तीखाली आहेस. माफी मागेपर्यंत तुला प्रभुभोजन नाही. आमच्यात याहून मोठी शिक्षा नाही. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला सगळ्यांसमोरून फिरतो आणि तुमच्यासमोरून पुढे जातो. दानूनं विचारलं, "माफी कशाची?" बाबांनी सांगितलं, तीन गोष्टींची. उपासनेत डफडं आणलं त्याची. प्रभूला उष्ट्याच्या पंगतीला बसवलं त्याची. आणि आजोबांबद्दल जे बोललास ते खरं नव्हतं, असं सगळ्यांसमोर म्हणायचं.

दानू म्हणाला, "तिसरं कोणी घातलं?"

बाबा म्हणाले, "मी घातलं."

दारात उभी राहून मी हे माझ्या कानांनी ऐकलं. दानू म्हणाला, "डफड्याची माफी मागतो. प्रभूचीही मागतो, त्याले समजते. पण साक्ष दिली मी. साक्ष खोटी होती म्हणू का? देवासमोर?" बाबा म्हणाले, "मग नको म्हणू. बस बाहेर." आणि आत गेले. दानूनं माझ्याकडे वळून सांगितलं, आईले तिसऱ्याचं सांगू नको रूथ. तिले पुरे आहे तिचं.

त्यामुळे आईला एवढंच ठाऊक होतं की डफडं वाजवलं म्हणून पोरगा बाहेर आहे. घरात आता इस्त्री मी करायचे. मसाला वाटला जात नव्हता, कारण तिला त्या वासानं मळमळायचं. बाबा शनिवारी हार्मोनियम उघडत, पण हळू वाजवत. पेज, मोसंबीचा रस, आणि आल्यागेल्यांच्या चपलांचे आवाज, एवढंच घर उरलं होतं. दानू रात्रपाळीला एका छापखान्यात लागला होता आणि दिवसा आईचे पाय चेपत बसायचा. सावनेरहून मुलं आली होती विचारायला, की दानूभाऊ, आम्ही बंद करावं का. तो म्हणाला, तुम्ही कायले बंद करता, करा. पण तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला नाही.

आईला एकच हवं होतं. ती पाळकसाहेबांना म्हणाली, मंडळीत येणं आता होत नाही, तर घरी प्रभुभोजन द्या, आणि ते मी माझ्या माणसांबरोबर घेईन, सगळ्या. आजाऱ्याच्या घरी पाळक भाकर आणि द्राक्षरस घेऊन जातात ही आमची रीतच आहे. घरातले सगळे खाटेभोवती बसतात आणि एकत्र घेतात. पाळकसाहेब चांगला माणूस होता. त्यांनी अवघडून सांगितलं, दानीएल शिस्तीखाली आहे, त्याला त्या वेळी खोलीबाहेर जावं लागेल. आई म्हणाली, मग थांबा. आणि ती रोज दानूच्या मागे लागली. "मागून टाक गा माफी. डफड्याची माफी मागाले तुह्यं काय जाते? आबानं तर जायलं होतं डफडं. तुले नुसतं तोंडानं म्हणाचं आहे. मले तुह्यासंगं घेऊ दे एकडाव." दानू मान खाली घालून पाय चेपत राहायचा. ती म्हणायची, "काहून बोलत नाही? काहून अडून राहिला?" आणि तो म्हणायचा, "मागतो आई." आणि रविवार जायचा.

मी बाबांकडे गेले. म्हटलं, ती मरतेय. तिसरी अट काढून टाका, तुम्ही घातलीत, तुम्ही काढू शकता. ते खिळ्याला अडकवलेल्या सदऱ्याकडे बघत म्हणाले, "काढली तर खरं होईल." मी म्हटलं, खरं आहेच की. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आईचे डोळे पिवळे झाले. पेजही टिकेना. तेव्हा एका शनिवारी दानूनं स्वतः सगळ्यांचे बूट काढले आणि पॉलिश करायला बसला, आणि ब्रश अगदी सरळ चालत होता, एकसारखा. मला कळलं की उद्या तो जाणार.

मंडळी भरलेली होती. सॅम्युएलकाकांनी त्याला पुढे बोलावलं आणि एकेक वाक्य सांगितलं, दानूनं ते मागोमाग म्हणायचं. मी उपासनेत अयोग्य वाद्य आणले. मी प्रभूच्या नावाचा अनादर केला. ही दोन तो सरळ म्हणाला. मग काका म्हणाले, माझ्या आजोबांविषयी मी जे बोललो ते सत्य नव्हते. दानू थांबला. पंखे फिरत होते. बाबांची बोटं सुरांवर नुसती ठेवलेली होती. एस्तेरआजी, बिचारी, तिला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, तिनं मागून ते वाक्य त्याला सांगितलं. मग तो म्हणाला. पूर्ण वाक्य, शुद्ध, बाबांना आवडतं तसं. सगळे आमेन म्हणाले. पेला त्याच्यासमोर थांबला, त्यानं घेतला, आणि बाबांनी गीत सुरू केलं.

दुपारी पाळकसाहेब घरी आले. मी खोली झाडून खाटेवर धुतलेली चादर घातली होती, आईचे केस विंचरले होते. भाकरीचे तुकडे रुमालात, द्राक्षरस बाटलीत. बाबा उशाशी, मी आणि दानू पायथ्याशी. आईचा चेहरा त्या दिवशी उजळला होता, हे मी सांगते म्हणून खरं माना. तिनं दानूला जवळ बसवून घेतलं, त्याच्या गालावरून हात फिरवला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली. मग आई सहज म्हणाली, जशी एखादी आई शाळेतून आलेल्या पोराच्या मास्तरांना विचारते, "पाळकसाहेब, काय म्हणाला माहा दानू? बरा बोलला नं?"

पाळकसाहेबांना काय ठाऊक की तिला ठाऊक नाही. ते प्रेमानंच म्हणाले, "फार नम्रतेनं कबूल केलं त्यानं. वाद्य आणलं ते, अनादर झाला तो. आणि आजोबांविषयी बोललेलं सत्य नव्हतं, तेही."

आई दानूकडे बघत राहिली. मग बाबांकडे तिनं बघितलं, आणि बाबांनी नजर काढून घेतली तेव्हा तिला सगळं कळलं. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. तिनं तोंड मिटून घेतलं. त्यांना वाटलं तिला गिळवत नाही, म्हणून त्यांनी तो तुकडा द्राक्षरसात भिजवला. ती म्हणाली, "गिळता येते मले. पण माह्या आबाले खोटं पाडून आणलेली भाकर मी नाही खात."

"अगं, प्रभूचं भोजन आहे," बाबा म्हणाले.

"प्रभू त्याच्यापाशी बसला होता," आई म्हणाली. "तुम्ही उठवलं दोघायले."

पाळकसाहेबांनी भाकर रुमालात गुंडाळली. बाबा त्यांना पोचवायला म्हणून गेले ते बराच वेळ आले नाहीत. दानू जमिनीवर बसून खाटेच्या कडेला डोकं टेकवून म्हणाला, "तुह्यासाठीच केलं आई." ती म्हणाली, "मले मालूम आहे गा." तिचा राग त्याच्यावर नव्हताच. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून पडून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता मले म्हणून दाखव. आबाचं."

दानूनं मान वर केली. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, ठेका धरायला. "माहा आबा," असं म्हणाला, आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "माहा आबा." त्याला शब्द येत होते, प्रश्न विसरण्याचा नव्हता, मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की ते सगळे तिथे आहेत. सकाळी देवासमोर जे खोटं म्हणून सांगितलं ते दुपारी खरं म्हणून त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. आई म्हणाली, "येईल, दम घे. मी आहो इथं." मीही म्हणू शकत होते, मला त्या ओळी पाठ होत्या, पण तिनं मला मागितलं नव्हतं. ती डोळे उघडे ठेवून वाट बघत होती. ऊन खाटेवरून भिंतीवर गेलं आणि भिंतीवरून गेलं. तो तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध गेली, आणि त्याच आठवड्यात ती गेली. मंडळीनं तिला सगळ्या मानानं मूठमाती दिली. बाबांनी हार्मोनियमवर तिची आवडती गीतं वाजवली, एक सूर चुकला नाही. सॅम्युएलकाका पुढे उभे राहून शवपेटीला खांदा देणाऱ्यांची नावं ठरवत होते. त्यांनी दानूला सगळ्यात पुढची जागा दिली. तो आता शिस्तीखाली नव्हता, त्यामुळे कोणाची काही हरकत नव्हती.